सखूची साक्ष

अकोला, पौष वद्य अष्टमी, शके १७८६

आज कचेरीत माझी बहीण सखू खोटी ठरली. रुईचे गठ्ठे दाबताना दोर तुटून तिचा नवरा गेला. ज्याच्याकडे तो कामाला होता, तो शेठ म्हणतो, तो प्यालेला होता. सखूनं साहेबासमोर सरळ सांगितलं, "दोर सडला होता. घरधनी मले आदल्या दिवशीच सांगून राहिले होते, मालक दोर बदलून देत नाही."

पुण्याकडचा कारकून हसला. "ही कुठली भाषा? नीट बोला, म्हणजे लिहून घेता येईल."

मग ती त्याच्यासारखं बोलू लागली. 'मले' म्हणता म्हणता थांबून 'मला' म्हणाली, अडखळली, पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. कारकून साहेबाला म्हणाला, "बाई पढवून आणलेली दिसते." साहेबानं तिचा भरपाईचा अर्ज फेटाळला.

कारकून हसला कशाला? त्याला समजलं नव्हतं? सगळं समजलं होतं. ते हसू डोळ्यांपुढून जात नाही.

येताना सखू म्हणाली, "भाऊ, माह्या बोलीत सांगतलं तं कोनी आयकत नाही, अन् त्याइच्या बोलीत मी लबाड. मंग मी बोलू तरी कशात?"

आता ती चुलीपुढं बसली आहे. पोरगी बापाबद्दल विचारते आहे, आणि सखू तिच्याशीही बोलत नाही.