भेटीची वेळ

१२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. खरं तर फोन करायचा होता, पण तुझा आवाज ऐकला की मला पुढचं सुचत नाही, म्हणून लिहितेय. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच. वर येताना जिन्यालाच शिव्या घालते. मी ऑफिसच्या कामात.

परवा तुझा लेक, आमचा दादा, सांगत होता की तू मोबाइल कपाटात टाकलायस, पेपर वाचणं सोडलंयस आणि डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख घेतलीयस. येईल त्याला म्हणतेस, "मलाच नीट दिसलं नाही गं, सहाचे सात वाचले." काका गेल्यावर आपण तुझ्याकडे जमलो, तेव्हाही तू हेच म्हणालीस. त्यावर दादाच्या आत्याबाई सगळ्यांदेखत बोलल्या, "एवढं साधं वाचता येऊ नये?" मी तेव्हा आत कप विसळत होते. विसळलेलेच कप.

मावशी, काका होते त्या हॉस्पिटलची जुनी वेबसाइट नव्या सॉफ्टवेअरवर हलवायचं काम माझ्याकडे होतं, हे तुला ठाऊकच आहे. वॉर्डातल्या प्रत्येक नर्सला तू कौतुकानं सांगितलं होतंस. त्याच आठवड्यात भेटीची वेळ बदलली. पाच ते सातऐवजी चार ते सहा. मी सकाळी मजकूर बदलला, माझ्या स्क्रीनवर नवी वेळ दिसली, आणि मी पुढच्या कामाला लागले.

दुपारी हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरून फोन आला. "मॅडम, आमच्याकडे अजून जुनीच वेळ दिसतेय."

"तुमच्या मोबाइलमध्ये जुनं पान साठलं असेल," मी म्हणाले. "बंद करून पुन्हा उघडा." आणि फोन ठेवला. जरा तोऱ्यातच.

नवं सॉफ्टवेअर प्रत्येक पानाची एक प्रत तयार ठेवतं आणि बाहेरच्या माणसाला तीच दाखवतं. मजकूर बदलला की जुनी प्रत आपोआप पुसली जायला हवी. ती पुसली जात नव्हती. मी लॉगिन करून बघत होते, म्हणून मला ताजं दिसत होतं. बाहेरून कसं दिसतं ते मी एकदाही बघितलं नाही.

वेळ बदलणार असं वॉर्डात कानावर आलं होतं, म्हणून तू निघताना मुद्दाम वेबसाइट उघडलीस. सातपर्यंत वेळ आहे म्हणून वाटेत काकांसाठी मऊ चपला घेतल्यास. आणि सहा वाजून गेले म्हणून वॉचमननं तुला दारातूनच परत पाठवलं.

"दारात लोक भांडताहेत," असा संध्याकाळी पुन्हा फोन आला, तेव्हा कुठे मी लॉगआउट करून बघितलं. पाच ते सात. जुनी प्रत पुसली. चुटकीसरशी झालं गं. म्हणून तर रात्री दादानं तुझ्यासमोर साइट उघडली तेव्हा त्याला सहा दिसले, आणि तुझा तुझ्याच डोळ्यांवरचा विश्वास उडाला.

दारात भांडणाऱ्यांत तू होतीस, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर काका गेले होते.

आत्याबाई बोलल्या तेव्हाच मी बाहेर यायला हवं होतं. नळ सोडून उभी राहिले. पुढेही रोज वाटायचं की उद्या सांगू, आता कशाला जखम उकरायची. पण मी माझीच कातडी वाचवत होते.

काल साहेबांना सगळं सांगितलं, हॉस्पिटललाही लेखी कळवलं. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. दादाला अजून बोलले नाही. आधी तुला सांगायचं होतं. त्याला सांग, आत्याबाईंना हे पत्र वाचायला दे.

डोळे दाखवायचे तर खुशाल दाखव, पण या कारणासाठी ऑपरेशन नको करूस. तू सहाचे सात वाचले नाहीस, मावशी. तिथे सातच लिहिलं होतं.

रविवारी येतेय. बोलली नाहीस तरी थोडा वेळ बसून जाईन.

तुला दोष घेऊ देऊन गप्प बसलेली,
तुझी भाची