कमरेएवढी भिंत

बुलढाणा,
ता. १० मार्च १९६४

ती. मामांस,
नीळकंठचा साष्टांग नमस्कार. तुमचे पत्र पोचले. आईची तब्येत बरी आहे. मार्चमुळे कोर्टात काम फार आहे. नांदुऱ्याला घाटाखाली ऊन तापू लागले असेल. इकडे पहाटे अजून गारठा असतो.

तुम्ही आणि आईने वैशाखातला मुहूर्त धरल्याचे कळले. प्रतिमाला जाऊन दोन महिने झाले. तिच्या जागी तुम्ही धाकट्या स्नेहलताला देता, यात तुमची मायाच आहे. मी आईला म्हटले, थोडे थांबू. ती म्हणाली, "काऊन? तुले काय करा लागते? उभं राह्यचं अन् हार घालायचा."

परसातली न्हाणी पुरी झाली. चार वर्षांपूर्वी, सुट्टीच्या दिवशी आपल्या हातांनी बांधीन म्हणून सुरू केली होती. भिंत कमरेएवढी झाली आणि मी टायपिंगच्या क्लासला जाऊ लागलो. तो सोडून मधमाश्यांची पेटी आणली. ती रिकामी पडून आहे. प्रतिमा हसायची. "तुमचं सारं कमरेएवढंच," म्हणायची. तिचे मागणे एवढेच होते, की दाराला आतून कडी असावी.

शेजारचे मोतीराम गवंडी कुंपणावरून म्हणाले, "बाबूजी, ओळंबा लावा, नाहीतर भिंत तुमच्यासारखी वाकीन." छताचे पत्रे त्यांनीच बसवून दिले. आई म्हणाली, "जिच्यासाठी बांधाची होती ती तं गेली. आता कोण न्हाते तिथं?"

मी न्हातो.

मामा, प्रतिमाला ताप आला असे मी लिहिले ते खरे. कशाने आला ते लिहिले नव्हते. उजाडल्यावर शेजारून दिसते, म्हणून ती पौषातही अंधारातच अंघोळ करी. दोरीवर लुगडे टाकून, त्या भिंतीआड वाकून. खोकला छातीत उतरला होता तरी. मी दर रविवारी पुढचा रविवार सांगत होतो.

दिवाळीत स्नेहलता आली होती, तेव्हा बहिणीसाठी ती लुगडे धरून उभी राही. मला म्हणाली, "भाऊजी, विटांचे बाराच थर राह्यले नं?" मी कधी मोजले नव्हते. तिला विचारा, ती सांगेल.

बारा थरांना मला सहा संध्याकाळी लागल्या.

आईला नाही म्हणणे माझ्याने होणार नाही. वैशाखात मी उभा राहीन आणि हार घालीन. म्हणून तुम्हीच नाही म्हणा. कारण काहीही सांगा. हे सांगितले तरी चालेल.

हे पत्र चार वेळा अर्धे लिहून फाडले. आज न्हाणीत पालथ्या बादलीवर बसून लिहीत आहे. आतून कडी लावली आहे. आई बाहेरून विचारते आहे, "नीळू, किती वेळ बे? पाण्याचा आवाज तं येत नाही." पुरे झाले की कडी काढीन आणि तसाच टपालपेटीपर्यंत जाईन.

तुमच्या थोरल्या मुलीचाच,
नीळकंठ