पांढरं यकृत आणि पैनगंगेपलीकडची गाडी

बेला, जि. आदिलाबाद
तुळशीच्या लग्नानंतर, १९९५

श्री. उद्धवराव यांस नागोरावाचा सप्रेम नमस्कार. तुमची प्रकृती आधी विचारायची रीत आहे, पण माझी बिघडवण्यात तुमचा वाटा असल्याने आधी माझं ऐकून घ्या. वहिनींची कंबर आता बरी असेल. इकडे कापूस बरा आहे, दुकान ठीक आहे, आणि तुमची बहीण बयनाबाई माझ्याशी बोलत नाही.

जेवल्यावर पोट जड वाटतं, एवढंच मी भाऊबीजेला तुम्हाला म्हणालो होतो. तुम्ही म्हणालात, यवतमाळला या, सोनोग्राफी करून टाकू. (आणि मी आलो त्या दिवशी तुम्ही सहकुटुंब दारव्ह्याला साखरपुड्याला.) यंदा आमच्या आंध्र सरकारने दारूबंदी केल्यापासून पैनगंगेपलीकडे, तुमच्या महाराष्ट्रात जिथे दारू खुली आहे, तिकडे जाणाऱ्या गाडीत कोण बसतं आणि कशासाठी, हे अख्ख्या बेल्याला ठाऊक आहे. कधी नव्हे ती सगळ्यांची तिकडे नातीगोती निघाली आहेत. त्या गाडीत मी बसलो, आणि बयनाबाई गावातल्या दारूबंदी मंडळाच्या अध्यक्ष. गुत्त्याचे रांजण याच बाईने फोडलेले.

डॉक्टर भला माणूस. पोटावर गारेगार चिकट काहीतरी फासून त्यांनी एक ठोकळा फिरवला आणि पडद्यावर राखाडी धुरळा दिसू लागला. म्हणाले, हे मूत्रपिंड, हे शेजारी यकृत, दोन्हींचा रंग साधारण सारखा हवा. तुमचं यकृत पांढरं चमकतंय, ती चरबी. मी विचारलं, किती असेल, पावशेर, अर्धा किलो? तर म्हणे वजन कळत नाही, नजरेनेच पाहायचं, पहिली पायरी, दुसरी, तिसरी, तुमची दुसरी. (मी गिऱ्हाइकाला नजरेने साखर दिली असती तर दुकान कधीच उठलं असतं.) बरं, चरबी कशाने आली ते तरी दिसतं का? नाही, ते यंत्राला दिसत नाही, पिता का? म्हटलं, थेंबही नाही. मग गादीवर बसून दिवसभर गूळ-शेंगदाणे, सायीचा चहा आणि घरचं तूप यांची हकीकत सांगितली. ते हसले आणि कागदावर शिक्का मारून दिला.

शिक्का असा : 'दारू पूर्ण बंद करावी.' यकृताच्या प्रत्येक कागदावर तोच मारतात म्हणे. सकाळपासून उपाशी, तुमच्या दाराला कुलूप, त्यामुळे दोन केळ्यांवर परतलो. गाडीतून उतरताना भोवळ आली आणि झोकांडी गेली, ती नेमकी मंडळाच्या मथुराबाईंसमोर. माझ्या आधी बातमी घरी पोचली. बयनाबाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "तुमी असे असान, असं वाटलं नोतं मले." बस, तेव्हापासून अबोला.

राग आला, पण वाईट जास्त वाटलं. एवढा संसार केला, आणि माझ्या आत काय आहे हे माझ्या शब्दावरून नाही, एका पांढऱ्या डागावरून ठरलं. मग वाटतं, तिचं तरी काय चुकलं? ज्या बायांनी नवऱ्यांचा मार खाऊन तिच्यावर भरवसा ठेवला, त्यांना ती काय सांगणार? सोमवारी बैठक आहे, त्यात अध्यक्षपद सोडते म्हणते. सोडलं तर मंडळ मोडलंच समजा. तेव्हा कृपा करून रविवारीच या आणि मी पीत नाही हे बहिणीला पटवा.

तुमचा,
नागोराव

ता. क. खरं काम वर लिहायचा धीर झाला नाही. हिच्याही उजव्या कुशीत दुखतं. चुलीपुढे कूस धरून बसते आणि मी दिसलो की हात काढते. त्या गाडीत बसले तर लोक काय म्हणतील, म्हणून डॉक्टरकडे यायला तयार नाही. वहिनी आजारी आहेत असं काहीतरी खोटं सांगा, पण तिला घेऊन जा आणि त्या यंत्राखाली झोपवा. मला तिची काळजी वाटते हे तिला सांगू नका. मी पितो की नाही, याबद्दल गावाला काय वाटायचं ते वाटू द्या.

ता. क. दुसरं. भाऊ, तुये भाऊजी हे पत्र दुकानात वजनाखाली ठिवून जेवाले गेले, म्या वाचलं. वहिनीले फुकट आजारी पाडू नोको. सोमवारी बायाईले मीच सारं सांगतो, अध्यक्षपण सोडत नाई. मंगळवारी त्याच गाडीनं यवतमाळले येतो, दिवसाढवळ्या, ह्यायच्याच शेजारी बसून. ज्याले पाहाचं त्यानं पाहून घ्यावं. — बयना