जुन्या बंदरावरचा अभय

येरवडा, पुणे
३० जानेवारी २००५

प्रिय संजयदादा,
सप्रेम जयभीम, वि. वि.

आधी घडले ते क्रमाने लिहिते.

१. अभयच्या ‘व्हेगा कोस्ट’ या गेमचा वाढीव भाग, एक्स्पान्शन, तू पाठवलास. सीडी गुरुवारी मिळाली.
२. शनिवारी दुपारी ती मी त्याच्या कॉम्प्युटरवर घातली.
३. आधी बॅकअप घेतला नाही.
४. अभयचा साठवलेला खेळ नव्या रूपात बदलला गेला. जुनी फाईल उरली नाही.

एक्स्पान्शनने गेम सुधारतो का, असे तू विचारले होतेस. सुधारतो. लढाई वेगवान झाली आहे. शत्रूची अवकाशयाने पूर्वी खडकांमागे अडकून बसायची, आता बसत नाहीत. अभयने कपाटाच्या दाराला अकरा तक्रारींची यादी चिकटवली होती, ती तुला आठवत असेल. त्यातल्या नऊ दूर झाल्या. तो खूश झाला असता.

पण नवी कथा सुरू होते तीच जुने बंदर स्फोटात नष्ट होऊन. अभयने शेवटचा खेळ त्या बंदरावर थांबवला होता. त्याचा कप्तान हेल्मेट काखेत धरून कठड्याला टेकलेला असायचा. मधूनच मान खाजवायचा, पाय बदलायचा. आई रोज चार वाजता मेथी निवडायला त्याच्यासमोर बसायची. आता तो नव्या ग्रहावर धावत असतो. तिथे हवा नाही, म्हणून हेल्मेट कधीच निघत नाही. चेहरा दिसत नाही.

ऑफिसात रोज मी जुन्या सॉफ्टवेअरवर नवे घालून तपासते. बॅकअप दुसरा माणूस घेतो. घरी तो माणूस अभय होता.

त्याने मागच्याच्या मागच्या दिवाळीत तुला त्याचा खेळ सीडीवर दिला होता. ती शोधशील का?

काकांना नमस्कार. तुझा जीव आमच्यावर आहे, तो तसाच राहू दे.

तुझी,
आम्रपाली


ऊर्जानगर, चंद्रपूर
४ फेब्रुवारी २००५

चि. आम्रपालीस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र पोचले. पुण्यात राहून तुमच्या घरात ‘बॅकअपशिवाय हात लावू नये’ अशी पाटी नाही, याचे मला आश्चर्य वाटले! जगाच्या चुका काढायचा पगार घेतेस आणि स्वतःच अशी चूक करतेस. रागावू नकोस. अभय असता तर याहून जास्त चिडवले असते.

सीडी सापडली, चालतेही. त्यात तो फक्त नवव्या पातळीवर आहे. हेल्मेटही मिळालेले नाही, ठिगळाचा गणवेश आहे. पण बंदर तेच.

खरे सांगू? पाठवावी असे वाटत नाही. मुलगा गेल्यापासून मावशीने वर्षभर पडद्यासमोर बसावे, हे मला पटत नव्हते. एक्स्पान्शन मी पाठवले त्यात हाही विचार होता, तुला सांगितला नाही एवढेच. झाले ते बरे झाले असे समज. वीस तारखेला अभयच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला मी येतोच आहे, तेव्हा बोलू.

प्रकृतीला जप. मावशीला साष्टांग. या भावाला विसरू नये.

तुझा दादा,
संजय


येरवडा, पुणे
९ फेब्रुवारी २००५

प्रिय संजयदादा,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तू विचार लपवलास, मी बॅकअप घेतला नाही. दोघांची एकेक चूक धरू.

आईबद्दल तुझा अंदाज चुकला. मी तिला नवा पडदा दाखवला. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, कामावर रुजू झालेला दिसतो. मग भाजी घेऊन ओट्यापाशी गेली. आता चारला ती फक्त कॉम्प्युटरवरचे कापड झटकते आणि पुन्हा घालते. शेजारच्या सुंदराबाईंकडेही जाऊ लागली आहे. तेवढ्यापुरते एक्स्पान्शन तुझ्या म्हणण्याप्रमाणे बरे ठरले.

चारला आई बसायची. ऑफिसातून आल्यावर सातला मी बसायचे. हे कोणाला सांगितलेले नाही. मी त्याच्याशी बोलत नव्हते, खेळतही नव्हते. तो पाय बदलायचा तेव्हा मी बूट काढायचे, एवढेच.

परवा मी नवा खेळ सुरू करून पाहिला. गेमने मला कप्तानाचे नाव विचारले. मी बंद केला.

नववी पातळी चालेल. ठिगळाचा गणवेश चालेल. वीस तारखेला घर माणसांनी भरलेले असेल; त्यात हे बोलणे मला जमणार नाही, म्हणून लिहिते आहे.

घरी सर्वांना जयभीम. माझ्यावर राग धरू नये.

सीडी आईसाठी नको. मला हवी आहे. आणणार आहेस की नाही, ते बुधवार, १६ फेब्रुवारीपर्यंत कळव.

तुझी,
आम्रपाली