स्वहस्ताक्षरात

४ जून
बाबांनी आज दाराची कडी लाथेने उखडली. कारण — माझे पत्र! एका संस्थेमार्फत माझ्या शिक्षणाचा भार अकरा वर्षे उचलणाऱ्या, कधीही न भेटलेल्या देणगीदार आजींना दर तीन महिन्यांनी पत्र लिहावे लागते. संस्थेचा नियम : स्वहस्ताक्षरात. मी लिहिले होते, 'तुमच्यामुळे मी आहे.' बाबांनी ते वाचले.
"तिच्यामुळे आहेस? मग मी कोण? मेलोय का मी?"
पत्राचे तुकडे केले. आई मध्ये पडली; तिचे डोके भिंतीवर आपटले. केसांतले रक्त धुऊन निघाले. भिंतीवरचे नाही.
बाबा लाकडाच्या वखारीत गेल्यावर आईने त्यांचीच पहार दाराला आतून टेकवली. म्हणाली, "निदान आले की आवाज तरी होईल."

५ जून
पत्र पुन्हा लिहिले. 'घरी सर्व कुशल आहे.' संस्थेच्या ताई पहिल्याच वर्षी म्हणाल्या होत्या, "रडगाणं नको हं, बाळ. तिकडे वाईट वाटतं त्यांना." मी हुशार विद्यार्थिनी, नियम एकदा सांगितला की पुरे. चव्वेचाळीस पत्रे, प्रत्येकात हेच वाक्य.
पत्र चुकले तर नाव कमी होते. मग जुलैपासून वसतिगृह नाही, पदवीचे शेवटचे वर्ष नाही. हेच घर — आणि वखारीतला भुसा.

६ जून
या वेळी बाबांनी पत्र जाळले. मग माझी उजव्या हाताची बोटे चौकटीत धरली आणि दार आपटले. दोनदा.
त्यांची स्वतःची दोन बोटे करवतीत गेलेली आहेत. म्हणाले, "माझी गेली, मी मेलो का? लिही आता तुझ्या आजीला!"
हाड मोडल्याचा आवाज इतका लहान असतो, हे कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते.

९ जून
पत्र डाव्या हाताने लिहिले; सहा तारखेपासून ही वहीही त्याच हाताने. एका पानाला अडीच तास. अक्षरे दारुड्यांसारखी एकमेकांच्या अंगावर पडली आहेत. आणि शेवटी, निव्वळ सवयीने — 'घरी सर्व कुशल आहे'!
आईने पदराआड लपवून टपालात टाकले.

१७ जून
पत्र परत! शेरा : 'अक्षर जुळत नाही.' दुसऱ्याच कोणी लिहिले असा संशय. उद्या ताई जुनी पत्रे घेऊन पडताळणीला येणार.

१८ जून
ताईंनी कोरा कागद पुढे ठेवला. "माझ्यासमोर लिही बघू दोन ओळी."
बाबाच बोलले, "पडली हो ती. धांदरट आहे. पुस्तक वाचत वाचत चालते!" हसलेसुद्धा.
आई उठून दाराकडे गेली. मला वाटले, ताईंसाठी पाणी आणायला.
मी लिहिले : 'हात बाबांनी दारात चिरडला.' अकरा वर्षांतले पहिले खरे वाक्य, तेही वाकडे.
बाबांनी ते ताईंच्या आधी वाचले. तीन बोटांच्या हातातही केवढी ताकद! माझा गळा आवळला गेला, ताई किंचाळत होत्या, समोरचे काळे पडत गेले. मग — एकदम हवा.
दाराला टेकलेली पहार जागेवर नव्हती.

२ मे, पुढचे वर्ष
पदवीचा निकाल : विद्यापीठात दुसरी. सगळे पेपर डाव्या हाताने लिहिले. आजींनी माझे नाव कमी होऊ दिले नव्हते. त्यांना आज सारे खरे कळवले.
मग तुरुंगात, आईला पत्र. तिला वाचता येत नाही. तिथल्या शिपाईबाई आधी स्वतः वाचतात, मग तिला ऐकवतात. बाबा गेले त्या दिवसाबद्दल लिहायचे नाही, असा त्यांचा नियम.
लिहिले : 'घरी सर्व कुशल आहे.'
घरी आता कोणीच नाही.