बैलारे, बैलारास, बैलारा

३ फेब्रुवारी, सकाळी ७
मुलीचं, वैभवीचं, स्पॅनिश चालू. त्यावर पुण्याच्या कंपनीत नोकरी मिळते म्हणे. मी वांग्याचं क्रेट घेऊन घरात शिरलो आणि मोबाइलपुढे बसलेली पोटची पोर म्हणाली, बैलारे! वर बैलारास, बैलारा. बापाला बैल म्हणायचं, तेही तीन तऱ्हांनी? विचारलं तर म्हणते, बाबा, हा नाचण्याचा भविष्यकाळ हाय. शेलूबाजारात वीस वर्षं भाजी विकली, मला कोणी बनवू शकत नाही.

४ फेब्रुवारी
सोजरकडे तक्रार केली. बायकोचं उत्तर : पोरगी अभ्यास करून राह्यली, तुमाले काहून खुपते? म्हणजे हीसुद्धा सामील. ठरलं. गुपचूप स्पॅनिश शिकायचं आणि दोघींना रंगेहाथ पकडायचं. रोज पहाटे एक तास. आठ दिवस पुष्कळ झाले.

५ फेब्रुवारी
मेथीला पाणी द्यायचं होतं. उद्यापासून नक्की.

८ फेब्रुवारी, दुपारी ३
वैभवी मैत्रिणीकडे गेली तेव्हा तिची वही तपासली. अगदी सोपं. क्रियापदाला शेपूट लावायचं. 'मी'साठी रे, 'तू'साठी रास, 'तो-ती'साठी रा. आणखी तीन आहेत, ती सोडली. आमच्या बोलीत मी येईन आणि ती पण येईनच, कोणाचं काही अडत नाही. एकट्या 'रे'वर भागेल. स्पेनवाल्यांनी उगाच पसारा वाढवला.
बिबिर म्हणजे राहणे. बोल्बेर म्हणजे परत येणे. बैलार म्हणजे खरंच नाचणे. वही तिनेच लिहिलेली, पुरावा धरता येत नाही.

१२ फेब्रुवारी
वैभवीची मोबाइलवर नोकरीची मुलाखत. कोणाला संशय नको म्हणून दाराबाहेर लसूण सोलत बसलो. एक वाक्य पूर्ण कळलं. बिबिरे एन पुणे. मी पुण्यात राहीन.
आठ दिवसांत भाषा आली! कोणाला सांगितलं नाही. जेवण गेलं नाही. लसूण उग्र होता.

१५ फेब्रुवारी
निवड झाली. कंपनी बोगस असणार. स्वतः फोन लावला. खरी निघाली. फार वाईट वाटलं.

२३ फेब्रुवारी, सकाळी ९
जीप स्टँड. गेलेली पोर परत येत नाही, हा माझा खरा संशय. इतके दिवस लिहिला नव्हता. ती जीपमध्ये बसली तेव्हा धीर करून विचारलं, बोल्बेरे?
वैभवी हसली, मग डोळे पुसले. म्हणाली, बाबा, त्याचा अर्थ मी परत येईन. तुमी कुठी चालले? मले इचारायचं त बोल्बेरास म्हना.
म्हटलं. तेवढ्यात जीप सुटली. खिडकीतून ती ओरडून काहीतरी म्हणाली. शेवटी 'रे' होता, एवढं नक्की. पण बोल्बेरे की बैलारे?
सोजरला विचारलं. ती म्हणाली, तुमच्याकडं पाहून म्हनली ना, मंग बैलच असन.