अ‍ॅग्नेस टलीची खुर्ची

३ नोव्हेंबर

पोचले एकदाची. दिवसभर लाल माती आणि सरळ रस्ता, त्यात गाडीचा एसी अर्ध्या वाटेत बंद पडला, तरी मी खुशीत आहे. कॅलन्स रिजला गाव म्हणणं म्हणजे जरा कौतुकच झालं. ओपल या रत्नाच्या हावेने माणसांनी उकरून ठेवलेलं रान आहे हे. जिकडे बघावं तिकडे खाणींच्या उघड्या विहिरी आणि कडेला पांढऱ्या मातीचे ढीग. उन्हापायी निम्मं गाव जमिनीखाली राहतं. माझीही खोली टेकडीच्या पोटात कोरलेली आहे. खिडकी नाही, पण इतकी गार की पाठ टेकली आणि झोपले.

घर ल्युबिकाचं. कला समितीची अध्यक्ष तीच आणि मला बोलावलं तेही तिनेच. साठी उलटलेली, हात सुतारासारखे, तोंडाचा पट्टा अखंड चालू. मला दारात बघून म्हणाली, मेलबर्नात कलाकारांना उपाशी ठेवतात वाटतं, आणि बसायच्या आत चीज भरलेलं गरम बुरेक पुढ्यात ठेवलं. तिचे आजोबा क्रोएशियातून ओपलसाठी आले ते इथेच राहिले. मला सारखी ‘पोरी’ म्हणते. आई गेल्यापासून मला कुणी पोरी म्हटलेलं नाही. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मुलगी तेरेझा पंचविशीची असेल. घरातसुद्धा काळा चष्मा, ओठ उललेले, बोलणं जवळपास नाहीच. जेवण अर्धवट टाकून भर दुपारी बाहेर निघून गेली ती संध्याकाळी आली. मी विचारलं तर ल्युबिका म्हणाली की तिला चालायची सवय आहे. या उन्हात!

६ नोव्हेंबर

कामाला लागले. इथल्या पहिल्या बायकांवर उघड्यावरचं प्रदर्शन करायचं आहे. त्यांच्याही आधी ज्यांची ही जमीन होती त्या आदिवासींकडे मी गेले होते. आमच्या बायकांचं आम्ही बघू, असं त्यांनी सरळ सांगितलं. बरोबरच आहे त्यांचं.

ल्युबिकाने सांगितलेली गोष्ट डोक्यातून जात नाही. जमिनीचा तुकडा आपला करायचा तर चार कोपऱ्यांना चार खुंट ठोकायचे आणि एका खुंटावर आपल्या नावाची पत्र्याची पट्टी लावायची. पुरुषाला एकच तुकडा मिळे. म्हणून गडी दुसरा तुकडा बायकोच्या नावाने घ्यायचे. पण तुकड्यावर नाववालं माणूस हजर नसेल तर कुणीही येऊन आपले खुंट ठोकावेत, असा रिवाज. मग बायकोला खुर्ची देऊन विहिरीच्या कडेला बसवायचे. दिवसचे दिवस. नाव तिचं, बसणं तिचं, ओपल त्याचं.

म्हणून मी खुर्च्याच करणार. भंगार लोखंडाच्या, एकेका बाईची एकेक, तिच्या तिच्या जागेवर. ल्युबिकाने ऐकलं आणि माझा हात धरून बराच वेळ सोडलाच नाही.

१० नोव्हेंबर

शेवटची खुर्ची अ‍ॅग्नेस टलीची. ती जागा ल्युबिकाने स्वतः दाखवली. गावाच्या मधोमध आहे, चारी बाजूंच्या घरांची दारं तिच्याकडेच बघतात. अ‍ॅग्नेसला तिथे बसवून नवरा पंप आणायला गेला आणि सांगून गेला, मी येईपर्यंत उठायचं नाही. त्या तुकड्यात भरपूर ओपल लागलं होतं. गावातले गडी खुंट घेऊन दारात उभे राहिले, ही कधी उठते याची वाट बघत. बायकाही उभ्या राहिल्या. कुणी पाणी नेलं नाही, कारण पाणी पिऊन तिने आणखी तग धरला असता. ती उठली नाही. बसल्या जागीच गेली.

ऐकताना मला रडू आलं. ल्युबिकाचे डोळे कोरडे होते. ती म्हणाली की त्या दारांमध्ये तिची आजीही उभी होती.

खुर्ची झाली की चार खुंटही ठोकू, असं तिनेच सुचवलं. पट्टी मात्र तुझ्या नावाची, म्हणाली, काम तुझं आहे, सही तुझीच हवी. मी ओशाळले. पण सही कुठल्या कलाकाराला नको असते?

१४ नोव्हेंबर

उद्घाटन झालं. अख्खं गाव लोटलं होतं. भाषण नाही, टाळ्या नाहीत. इथल्या रिवाजाप्रमाणे साक्षीदारांसमोर मी माझ्या हाताने खुंट ठोकले आणि पट्टी खिळली. हेझल क्विन. शेवटचा घाव पडला तशी पुरुषांनी टोप्या काढल्या. मला वाटलं, अ‍ॅग्नेससाठी.

तेरेझाने चष्मा काढला. तिचे डोळे मी पहिल्यांदाच पाहिले. ती रडत होती आणि हसत होती. येऊन माझ्या गालाचा मुका घेतला आणि कानात म्हणाली, मला माफ कर. काय माफ करायचं ते विचारायच्या आत गर्दीत गेली.

१६ नोव्हेंबर

तेरेझा सकाळच्या बसने अ‍ॅडलेडला गेली. सामान घेऊन, गाणं गुणगुणत. ल्युबिका बस दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होती.

दुपारी मी फोटो काढायला गेले. खुर्ची भर उन्हात, हात लावला तर भाजावं अशी, पण बसायची जागा गार होती. जमिनीवर सावली पडली होती, ती नुसत्या खुर्चीची नव्हती. सावलीला मांडी होती.

जरा टेकले. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. मधलं काही आठवत नाही.

१८ नोव्हेंबर

काल दुपारी खोलीत पुस्तक वाचत होते. मग खुर्चीवर होते. पायात चप्पल नाही, तळवे भाजलेले.

आज मुद्दाम सकाळीच गाडी काढली. मोठा रस्ता लागला, पेट्रोल पंप मागे पडला, मी मोठ्याने हसलेसुद्धा. मग डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि मी खुर्चीवर. गाडी ल्युबिकाच्या दारात, नीट लावलेली.

पाठीमागे कुणीतरी उभं असतं. वळता येत नाही. कोरडा श्वास ऐकू येतो, माझ्या केसांवर.

आणि दारं उघडी असतात. सगळी. बायका दारात उभ्या असतात आणि बघतात.

१९ नोव्हेंबर

पट्टी उपटली. खुंट विहिरीत फेकले. दुपारी सगळं जागच्या जागी.

ल्युबिकाला धरलं. तिने नाकारलं नाही. चहा गाळता गाळता सांगितलं. तेरेझाने पोरवयात, ओपल मिळेल म्हणून त्या जागेवर आपली पट्टी लावली होती. आधी तास-दोन तास बसावं लागायचं, मग संध्याकाळपर्यंत. अ‍ॅग्नेसला उठायचं आहे, पण तुकडा रिकामा सोडून ती उठणार नाही. तिला बसणारी लागते. दुसरीने आपल्या हाताने आपलं नाव लावलं तरच पहिली सुटते.

मी म्हटलं, तू मला पोरी म्हणायचीस.

ती म्हणाली, “म्हणायचे आणि मनापासून म्हणायचे. पण ती माझ्या पोटची आहे गं. आणखी एक उन्हाळा तिने काढला नसता. तुला मूल असतं तर तू काय केलं असतंस?”

मी कप भिंतीवर फेकला. तिने निमूट तुकडे गोळा केले. पुढे बुरेक ठेवलं. मी खाल्लं. भूक लागली होती. त्याचीच जास्त चीड येते आहे.

२० नोव्हेंबर

बेथला फोन केला. माझी धाकटी बहीण, मिल्ड्युरात नर्स आहे. सगळं सांगितलं. ती नर्सच्या आवाजात म्हणाली की ऊन लागलंय तुला, पाणी पी, मी निघते. नको येऊस म्हणायला हवं होतं. ये म्हणाले. लवकर ये म्हणाले.

२१ नोव्हेंबर

आज अ‍ॅग्नेसने सकाळीच बसवलं. डायरी मांडीवर आहे — हात चालतात, पाय नाहीत.

जीभ लाकडासारखी. ल्युबिका दारात. हातात पाण्याचा जग. आणत नाही — रिवाज, म्हणे. तिलाही रडू येतंय. रडू दे.

मागची आता वाकते. माझ्या खांद्यावरून बघते, मी काय लिहिते ते.

नंतर

बेथ आली. पाणी पाजलं, कपाळाला हात लावला. ओढून पाहिलं, पाय हलेनात. ल्युबिका तिला बाजूला घेऊन काहीतरी बोलली — बराच वेळ — खांद्यावर हात ठेवून. मला ठाऊक आहे तो हात.

बेथ परत आली ती हातोडी घेऊन. पत्र्याची कोरी पट्टी. खिळ्याने नाव खरडते आहे. माझ्याकडे बघून डोळा मारला, लहानपणी मारायची तसा. वेड्या माणसाच्या कलाने घेतात तसं म्हणाली, “हे बघ हेझ, माझं नाव लावते. मग तर उठशील ना? मग घरी जाऊ.”

पाय मोकळे होताहेत. अंगठा हलला —

दारात सगळ्या उभ्या. मी ओरडले तर ती थांबेल. एक शब्द पुरे. पाणी प्यायलंय, आवाज आहे मला —

एक खिळा बसला. दुसरा घेतला तिने —

आत्ता म्हणते. आता म्हणतेच. हा खिळा झाला की —